प्यायच्या लायकीची टाकी

माणसाने आयुष्यात एकदा तरी साम्राज्याविरुद्ध बंड करावे, असा निश्चय शलमोन भिमाजी ओहोळ याने वयाच्या चोपन्नाव्या वर्षी केला. त्या वेळी त्याच्या हातात एक कोरडं फडकं होतं, आणि साम्राज्य म्हणून समोर नगरच्या एका बँकेची खिडकी तेवढी उपलब्ध होती. तीही अर्धी उघडत होती.

झालं ते इतकंच. मिशनच्या मुलींच्या शाळेत सव्वीस वर्षं शिपायाची नोकरी करून तो तीन आठवड्यांपूर्वी निवृत्त झाला होता. शाळेने निरोपाला एक शाल, एक भिंतीवरचं घड्याळ आणि हेडबाईंचं पाऊण तासाचं भाषण दिलं होतं. फंडाचं काय झालं हे विचारायला तो बँकेत आला, तर 'बसा' म्हणाले; बसला. बाकड्यामागच्या काचेवर बसल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर खोबरेल तेलाचा ताटाएवढा डाग होता. किती माणसं किती वेळ डोकं टेकून बसली असतील याची ती नोंदच म्हणायची. शलमोनने सव्वीस वर्षं घंटा वाजवली, हजेरीपट वाहिले आणि एकशे चाळीस काचा पुसल्या. पैकी घंटा आणि हजेरीपट शाळेत राहिले, काचा तेवढ्या त्याच्याबरोबर घरी आल्या. खिशात फडकं असायचंच. त्याने डाग घासला. तेल कोरड्या फडक्याला दाद देत नाही. पलीकडे बंदूकवाला पहारेकरी पेल्यातलं पाणी पीत कुणाशी तरी रेशनच्या साखरेबद्दल बोलत होता. शलमोन म्हणाला, "दादा, जरा पाणी द्या यावर." पहारेकरी आला, बोलणं न थांबवता, आणि उरलेलं पाणी त्याने फडक्यावर ओतलं. एक वीत वरून.

एक वीत. जास्त नाही, कमी नाही. पाण्याची धार हवेतून आली आणि फडक्याच्या मधोमध पडली, एक थेंब इकडे तिकडे नाही. पहारेकऱ्याच्या तोंडावर काही नव्हतं. तो साखरेबद्दलच बोलत होता. तिरस्कार असता तर भांडता आलं असतं, निदान तक्रारवही मागता आली असती. पण इथे त्या माणसाला काही ठाऊकच नव्हतं, ठाऊक होतं ते त्याच्या मनगटाला. कदाचित तसंही नसेल. कदाचित बुटावर शिंतोडे नकोत म्हणून असेल. ही शंका शलमोनला आली, आणि तिनेच तो जास्त भडकला. कारण आता हे आयुष्यभर कळणार नव्हतं. त्याने काच पुसली. अशी पुसली की आतल्या केबिनमधल्या मॅनेजरला, दोन वर्षांत पहिल्यांदा, बाहेर माणसं बसलेली दिसली. मॅनेजर पुण्याचा, तरुण, सभ्य. तो बाहेर आला, नाव विचारलं आणि म्हणाला, "ओहोळ, तुम्ही हे काम घेता का? आमची पारनेरची शाखा उघडतेय. पुढच्या गुरुवारी मंत्री येताहेत. इंजिनिअरने समोरून सगळी काचच बसवलीय, आणि शेजारी दुष्काळी कामाची खडी फुटतेय. काचेतून काही दिसत नाही." शलमोन म्हणाला, घेतो. "पण तिथं प्यायला पाणी नाही, धुवायला कुठून आणणार?" मॅनेजरने विचारलं. शलमोनच्या हातातल्या फडक्यातून अजून त्या वीतभर पाण्याचे थेंब फरशीवर पडत होते. "पाणी आमचं," तो म्हणाला. 'आमचं' का, हे त्यालाही कळलं नाही. "म्हणजे गाडी आहे तुमची?" "आहे." शलमोन ख्रिस्ती माणूस, खोटं बोलत नसे, त्यामुळे आता गाडी घेणं भागच होतं.

बायकोला, मार्थाला, हे सांगितलं तेव्हा ती ज्वारी निवडत होती. तिने एक खडा बाजूला टाकला. "सायकल हाय की. हँडलला बादली लावा." सायकलवर बादली घेऊन येतो तो गडी, असं शलमोन म्हणाला, त्याला लोक मागच्या दाराने बोलावतात, आणि पाणी तिथलं तिथं मागून घे म्हणतात. गाडी आणि टाकी घेऊन येते ती कंपनी. "कंपनी म्हंजी कोन?" "तू." मार्थाने आणखी एक खडा टाकला. "कंपनीला भाकरी टाकायची हाय," ती म्हणाली, "सरका."

मच्छिंद्र मिस्त्रीचं गॅरेज मनमाड रस्त्याला. शलमोनला गाडी येत होती. लढाईच्या काळात त्याने इराकात बसऱ्याला तीन वर्षं लष्कराची लॉरी हाकली होती. त्या उन्हात पाण्याची एकच टाकी असायची आणि तिच्या एकाच तोटीला जाट, पठाण, मराठे आणि भिमाजीचा पोरगा ओळीने तोंड लावायचे. मागचा पुढच्याला म्हणायचा, आटप. बस, तेवढंच म्हणायचा. तीन वर्षांत कुणी दुसरं काही म्हणालं नाही, म्हणून शलमोनला वाटलं होतं की जग बदललं. मग सुटका झाली, आगबोटीने मुंबई आली, गाडीने नगर आलं, आणि तिथून बैलगाडीने गाव आलं तेव्हा कळलं की जग नव्हे, फक्त बसरा बदलला होता. नगरला त्याला ड्रायव्हर म्हणून कुणी ठेवलं नाही. मिशनने शिपाई म्हणून ठेवलं. शाळा तपासायला साहेब यायचे तेव्हा त्यांच्या मोटारीचं दार उघडायचं काम त्याचं. सव्वीस वर्षं त्याने दारं उघडली. लावली एकही नाही. साहेब आत बसले की दार आतून लागायचं, धप्प करून, आणि त्या आवाजाबरोबर शलमोन बाहेरचा व्हायचा.

मच्छिंद्रकडे तीन वाहनं होती. पहिलं, तीन चाकांचा टेम्पो, आधी दूध वाहणारा, अजून आंबूस वासाचा. स्वस्त, आटोपशीर. शलमोन त्यात बसला, वळवून पाहिलं. मच्छिंद्र टायरवर बसून विडी ओढत होता. "मामा, ह्यो घेऊ नका तुमी. पुढं येकच चाक. दुधाचे क्यान बांधता येत्यात. पानी हे उतारू न्हाई, त्याला बस म्हनलं तर बसत न्हाई. वळनाला समदं येका अंगाला पळतं." हे वाक्य शलमोनला फार पटलं, आणि घरी जाईपर्यंत तो ते मनात म्हणत राहिला. दुसरं, लष्कराने मोडीत काढलेली हिरवी लॉरी. तिच्या पायरीवर पाय ठेवताच बसऱ्याची वाळू दातांत आली. वीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं, म्हणजे चौतीसचा. आणि चौतिसाव्या वर्षी तो एकशे चाळीस काचाच पुसत होता, हे आठवून तो खाली उतरला. "हिला पेट्रोल किती?" "ती पेट्रोल पीत न्हाई मामा, गिळती." तिसरी, कुठल्याशा फिरत्या दवाखान्याची जुनी व्हॅन. चार चाकं, पुढे दोन माणसांना बाक, मागे मोकळी पोकळी, बाजूला तांबडा क्रॉस. मच्छिंद्रने त्यावर तीनदा पांढरा रंग मारला होता. क्रॉस तीनदा गुलाबी होऊन वर आला होता. "राहू द्या," मच्छिंद्र म्हणाला, "पोलीस अडवनार न्हाईत." शलमोनने दार उघडलं, आत बसला आणि दार ओढलं. धप्प. त्याने पुन्हा उघडलं आणि पुन्हा लावलं. धप्प. पाचसहा वेळा. इंजिन त्याने नंतर पाहिलं, केवळ मच्छिंद्रला वाईट वाटू नये म्हणून. मॅनेजरने दुसऱ्याच दिवशी मोकळा केलेला फंड बहुतेक त्यात गेला. कुठला माणूस दाराच्या आवाजावर गाडी घेतो, असं मच्छिंद्रने पुढे वर्षभर लोकांना विचारलं म्हणतात. पण मच्छिंद्रने आयुष्यात दुसऱ्याच्या मोटारीचं दार धरलेलं नव्हतं.

टाकीचं मात्र अवघड गेलं. पत्र्याच्या दुकानातला रंगनाथ हा सगळ्या गिऱ्हाइकांना एकच प्रश्न विचारी आणि त्यावरून माल दाखवी. "प्यायचं का वापरायचं?" आपल्याकडे पाण्याच्या दोनच जाती. प्यायचं असेल तर नवी जस्ती टाकी, आतून चंदेरी. वापरायचं असेल तर आतून डांबर फासलेलं पिंप, निम्म्या किमतीत. शलमोन म्हणाला, काचा पुसायच्यात. रंगनाथने नोकराला हाक मारली, "डांबरी काढ रे." पिंप गडगडत आलं. शलमोनने आत डोकावून पाहिलं. आत काळोख होता आणि त्याला वास होता. त्याला वाटलं, यात पाणी भरलं की ते पाणी कुणी तोंडाला लावायचं नाही असं आधीच ठरलेलं असेल. आणि मग ते कुणी न लावण्याचं कारण पिंप असेल का पिंपाचा मालक, हे पुन्हा कळणार नाही. पुन्हा ती शंका, बुटावरच्या शिंतोड्यांची. "जस्ती दाखवा," तो म्हणाला. रंगनाथ समजूतदार माणूस. "अहो, काचांना काय कळतंय?" "काचांना नाही. पण माझं पाणी प्यायच्या लायकीचं पाहिजे." "पिणार कोण?" "कुणी नाही." रंगनाथने जस्ती टाकी काढली. पाचशे लिटरची. शाळेच्या एकशे चाळीस काचा दोन बादल्यांत व्हायच्या, शेवटचा हात कोरड्या वर्तमानपत्राचा, हे शलमोनइतकं नगर जिल्ह्यात कुणाला माहीत नव्हतं. त्यामुळे चारशे सत्तर लिटर कशासाठी घेतले, हा प्रश्न त्याला कुणी विचारू शकत नव्हतं.

स्वतः तो विचारत होता, पण आडून. टाकीवर बोटाने वाजवताना त्याला बाप आठवे. भिमाजीचा गळा असा की गावात दवंडी तोच द्यायचा. ढोल नसला तरी चाले. साहेब आला, लस टोचायची, पट्टी भरायची, सगळं गावाला त्याच्या गळ्यातून कळे. आणि हाच माणूस तहान लागली की विहिरीपासून वीस पावलांवर उभा राहून बारीक आवाजात म्हणे, "माय, पानी वाढा." एवढा गळा असलेला माणूस एवढ्या बारीक आवाजात कसा बोलतो, हे पाच वर्षांच्या पोराला नवल वाटे. मग कुणाला सवड झाली की कुणी बाई येई, भिमाजी ओंजळ करून वाके, आणि वरून धार येई. पोर खालून बघे. निम्मं पाणी तोंडात जाई, निम्मं कोपरावरून मातीत. पोराला वाटे, मातीला आयतं मिळतं. पुढे पाद्रीसाहेबांनी पोराला शलमोन हे नाव दिलं, शहाण्या राजाचं. बापाने नाव बदललं नाही, म्हणाला, दवंडीत नवं नाव बसत नाही. बाप गेला तेव्हा पोर बसऱ्याला तोटीला तोंड लावून पीत होतं.

मार्च महिना, त्र्याहत्तर साल. पाणी सहज मिळत नव्हतं. मिशनच्या कंपाउंडातल्या विहिरीवर घरटी आठ हंड्यांची पाळी लागलेली. शलमोनने कुणाकडे जास्तीचा तांब्या मागितला नाही. रोज आपल्या आठातले दोन घरात, सहा टाकीत, असे सहा दिवस. या सहा दिवसांत त्याने आणि मार्थाने अंघोळ केली नाही. रविवारी ख्रिस्ती देवळात त्यांच्या बाकावर आपोआप ऐसपैस जागा झाली. स्वच्छतेची कंपनी अशी उभी राहिली. बाजूवर पेंटरकडून लिहून घेतलं: 'शलमोन भिमाजी आणि कंपनी, काचा'. क्रॉसला वळसा घालून लिहावं लागलं, त्यामुळे भिमाजी जरा वर गेला.

बुधवारी सकाळी दोघं निघाली. मॅनेजर दोन वाजता पारनेरला किल्ली घेऊन थांबणार होता. काम नीट झालं तर जिल्ह्यातल्या सगळ्या शाखा तुमच्या, असं म्हणाला होता. कल्याणचा रस्ता, मग भाळवणी मागे पडली, आणि पुढे माळच माळ, भाजलेल्या मडक्याच्या रंगाचा. मागे पाणी हलत होतं. शलमोनला ते पाठीतून कळत होतं. चढाला ते मागे रेलायचं, उताराला पाठीशी यायचं. बस म्हटलं तर बसत नाही. त्याला एक विलक्षण मस्ती चढली. आपण पाण्याकडे चाललो नाही, पाणी घेऊन चाललोय. या रस्त्याने आपल्या घराण्यातलं कुणी कधी असं गेलं नसेल. मग लगेच वाटलं, कुठे चाललंय हे पाणी, काचेवर. मग वाटलं, चाललंय तर चाललंय, आपलं आहे, सहा दिवस आपण त्यापायी वास मारत होतो. राजेमहाराजे हौद बांधत, कारंजी उडवत, त्यांना कुणी विचारलं नाही. मार्था मांडीवर भाकरीचं फडकं घेऊन बसली होती. "गाव आलं तुमचं," ती म्हणाली. रस्त्यापासून कोसभर आत एक बाभळीचा ठिपका दिसत होता. शलमोनने तिकडे पाहिलं नाही. त्याच वेळी त्याला ब्रेक दाबावा लागला, कारण रस्त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत रिकामे हंडे ओळीने मांडलेले होते.

दुष्काळी काम. तीसपस्तीस बाया, खडीचे ढीग, हातोड्या, तोंडाला पदर, पापण्यांवर पांढरी धूळ. पांढरी गाडी, गुलाबी क्रॉस आणि मागून डोकावणारी टाकी. त्यांनी लांबूनच ओळखली होती, म्हणजे चुकीची ओळखली होती. शलमोनने काच खाली केली. एक म्हातारी पुढे आली, काठीसारखी, सत्तरीची. बाकीच्या तिला बनुबाई म्हणत होत्या. "परवापासनं वाट बघतोय, बाबा. सरकारला रस्ता घावला न्हाई का?"

"हा टँकर नाही," शलमोन म्हणाला. "काचा पुसायची गाडी आहे."

"कशाच्या?"

"बँकेच्या. पारनेरच्या."

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. बनुबाईने हे नीट समजून घेतलं, मागे वळून बायांना सांगितलं, "बँकंच्या काचा धुवाया चाललाय," आणि बायांनी, जणू हेही सरकारी कामच, माना डोलावल्या. एक जण वाकून हंडे बाजूला करू लागली. रस्ता मोकळा होत होता. रिकाम्या हंड्यांचा आवाज रिकाम्या हंड्यांचाच असतो, त्याला उपमा नाही. मार्था समोर बघत म्हणाली, "त्यात माझ्या वाट्याचंबी हाय." एवढंच. शलमोनला माहीत होतं की तिचा वाटा निम्मा. पण निम्मं पाणी टाकीत कुठे असतं, वर का खाली, हे कुणी सांगायचं.

त्याने गाडी बंद केली आणि खाली उतरला. कनवाळूपणाने उतरला असं कुणी समजू नये. त्याला बघायचं होतं. पाच वर्षांचा असल्यापासून बघायचं होतं. तो गाडीच्या पायरीवर चढला, आणि बापाचा गळा आपल्यालाही आहे हे त्याला चोपन्नाव्या वर्षी कळलं.

"ऐका," तो म्हणाला. "पाणी पिण्याआधी कुणाचं पाणी आहे ते ऐका. मी शलमोन. इथल्या म्हारवाड्यातल्या भिमाजीचा मुलगा. हे पाणी माझ्या घरचं, माझ्या आणि माझ्या बायकोच्या हाताने भरलेलं. टाकी माझी. तोटी माझी. माझ्या बापाला या गावात ओंजळीतून पाणी पाजलं, वरून. ज्यांना माझं चालत असेल त्यांनी हंडा पुढे करावा. नसेल चालत त्यांनी तसं तोंडावर सांगावं. मला तसंही ऐकायचंय."

माळावर वाराही नव्हता. शलमोन एकेक तोंड बघत होता. आत कुठे काही आकसतं का, नजर कुठे वळते का. जवळजवळ पन्नास वर्षं त्याने हा क्षण इतक्या प्रकारे पाहिला होता की त्यातला कुठला आता येतो याचीच उत्सुकता होती. कधी त्यात लोक पाया पडायचे, कधी दगड मारायचे. दगड इथे भरपूर होते.

"झालं का?" बनुबाई म्हणाली.

शलमोनने पायरीवरूनच मान हलवली.

"भिमाजी म्हंजी दवंडी द्यायचा त्यो. त्याचाबी असाच गळा हुता. आईकली दवंडी. सोड आता."

त्याने तोटी सोडली. पहिला हंडा बनुबाईचा. पाणी पडताना तिने मध्येच हात घातला, ओंजळ भरून प्याली, ओला हात तोंडावर फिरवला, आणि धुळीखालून एक साधा म्हातारा चेहरा निघाला. शलमोनने वाकून, फक्त तिला ऐकू जाईल असं विचारलं, "माझ्या बापाला पाणी वाढलंय का तुम्ही कधी?"

तिने विचार केला. खरोखर केला. "वाढलं आसंल," ती म्हणाली. "लई जनाला वाढलं. कुनाकुनाला वाढलं ते ध्यानात न्हाई."

"वरून."

"वरनंच वाढायच्या समद्या. आमची आयबी तसंच." आणि तिने हंडा उचलून पुढचीला जागा दिली.

शलमोनला राग येईना. तो शोधू लागला, खिसे चाचपावेत तसा. इतकी वर्षं एका बाजूने एवढं जपून ठेवलेलं, आणि दुसऱ्या बाजूला ते ध्यानातच नाही, हे कसं सोसायचं याची त्याने तयारी केलेली नव्हती. बाया येत होत्या, हंडे भरत होते. मार्था खाली उतरून हंडे पुढे मागे करत होती आणि कुणाशी तरी ज्वारीच्या भावाबद्दल बोलत होती. एक हिरव्या लुगड्याची बाई मात्र लांब खडीच्या ढिगाशी उभी राहिली, पाठमोरी. शलमोनने तिच्यावर नजर लावली. हिच्यासाठी तरी आपलं भाषण वाया गेलं नाही, असं त्याला जवळजवळ समाधान वाटलं. ती आली नाही. तिचा हंडा मात्र दुसऱ्या बाईच्या कडेवरून आला, भरला आणि गेला. शलमोनने तो काठोकाठ भरला. त्याच्या मनात होतं की कमी भरावा, पण हाताने तसं केलं नाही.

टाकी पोकळ वाजू लागली. घड्याळात दोनला दहा कमी. तळाशी बादलीभर राहिलं असतं तर काचा झाल्या असत्या; ते त्याला ठाऊक होतं, आणि तोटी बंद करायला त्याचा हात गेलाही होता. पण शेवटची पोरसवदा बाई हंडा घेऊन उभी होती आणि पायरीवरून मघाशी जे बोललो त्यात 'बादलीभर सोडून' असं कलम नव्हतं. ते पाणीही गेलं. काचेवर तोंडाची वाफ घालून वर्तमानपत्राने पुसू, तो मनाशी म्हणाला. मंत्र्याला काय कळतंय. मॅनेजर विचारेल, पाणी कुठाय. सांगू, प्यायलं लोकांनी. आमचं पाणी लोकांनी प्यायलं. हे वाक्य त्याने दोनतीनदा मनात म्हणून पाहिलं. त्यात कुठे खोट नव्हती. मॅनेजरने शाखा दिल्या नाहीत तर न देवो. गाडी आहे, टाकी आहे. नगरला काचांना तोटा नाही.

आता जायचं तेवढं रुबाबात जायचं होतं. त्याने मार्थाला हाक मारली. तिने ऐकलं नाही. तो आत बसला, दार ओढलं. धप्प. आवाज माळावर लांबवर गेला. इंजिन सुरू केलं, गिअर टाकला, आणि समोर बघत ताठ बसला. तेवढ्यात बाजूच्या काचेवर कुणी बोटाने ठकठक केलं. बनुबाई. हातात भाकरी, भाकरीवर चटणी. मागे गाडीच्या कडेने दहाबारा बाया दाटीवाटीने मांडी घालून बसल्या होत्या, आणि त्यांच्यात मार्थाही, फडकं सोडून. त्याने काच खाली केली.

"जेवनं होस्तवर गाडी हलवू नको, बाबा," ती म्हणाली. "सावली बरी पडलीया."